अस्थिमज्जेची ढाल: किरणांपासून रक्ताच्या मूळपेशी वाचवणाऱ्या औषधांचा इतिहास

कॅन्सरसाठी लाईट सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांत रुग्ण किंवा घरचे कोणीतरी हमखास विचारतात, "डॉक्टर, पांढऱ्या पेशी कमी होऊ नयेत म्हणून आधीच एखादी गोळी देता येत नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा गेली पंचाहत्तर वर्षे याच प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. अर्धे उत्तर मिळाले आहे, अर्धे अजून बाकी आहे. मिळालेले अर्धे कसे मिळाले हे समजून घेतले, तर तुमच्या डॉक्टरांनी एखादे औषध का दिले आणि दुसरे का दिले नाही, हे कळणे सोपे जाईल.

आधी कारखाना समजून घेऊ

रक्त हाडांच्या आत तयार होते. मोठ्या माणसात हा कारखाना मुख्यतः कमरेचे हाड, मणके, छातीचे मधले हाड, बरगड्या, कवटी आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक येथे चालतो. आतल्या लाल, मऊ भागाला आपण अस्थिमज्जा म्हणतो. या मज्जेत फार थोड्या संख्येने मूळपेशी असतात. बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या धान्यासारख्या त्या असतात. एरवी त्या शांत पडून असतात. गरज पडेल तशा विभागतात. काही नव्या मूळपेशी होतात, तर काही वाढत जाऊन तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बनतात.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात. म्हणून कारखाना बंद पडला की आधी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट संपतात, तांबड्या पेशी बऱ्याच उशिरा घटतात. किरणांच्या मोठ्या माऱ्यानंतर माणूस पहिल्या दिवशी ठीक दिसतो आणि तिसऱ्या आठवड्यात ताप आणि रक्तस्रावाने कोसळतो, याचे कारण हेच. गोदामातला माल संपेपर्यंत कारखाना बंद झाल्याचे कोणाला कळत नाही.

पहिली दहा वर्षे: शोध आणि इशारा

राँटजेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी केस गळल्याच्या आणि त्वचा भाजल्याच्या तक्रारी छापून येऊ लागल्या. त्वचेवरची इजा डोळ्यांना दिसत होती, हाडाच्या आतली दिसत नव्हती. ती दाखवून दिली जर्मनीतील हेरमान हाइनेके यांनी. १९०३ च्या सुमारास त्यांनी प्राण्यांवर क्ष-किरण सोडून पाहिले, तेव्हा प्लीहा, लसिकाग्रंथी आणि अस्थिमज्जा यांतल्या पेशी सर्वांत आधी मरत असल्याचे आढळले.

असे का व्हावे? १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी एक नियम मांडला: जी पेशी जास्त विभागते आणि अजून पूर्ण वाढलेली नाही, तिला किरण जास्त मारतात. या नियमाला अपवाद आहेत. लिम्फोसाइट ही पांढरी पेशी फारशी विभागत नसूनही किरणांनी पटकन मरते. तरी एकूण नियम खरा ठरला. हे वाक्य लक्षात ठेवा: विभागणारी पेशी जास्त मरते. पुढची सगळी औषधे याच वाक्याभोवती फिरतात.

मेरी क्युरी यांनी आयुष्यभर रेडियम हाताळले आणि युद्धात क्ष-किरणांच्या गाड्या चालवल्या. ४ जुलै १९३४ रोजी त्या गेल्या. निदान होते मज्जेने रक्त बनवणेच थांबवण्याचा आजार, ज्याला आपण अप्लास्टिक ॲनिमिया म्हणतो. तोवर मज्जा नाजूक असते हे डॉक्टरांना माहीत झाले होते. तिला वाचवायचे कसे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

हिरोशिमानंतर

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. स्फोट आणि आगीतून जे वाचले, त्यांच्यातल्या अनेकांचे दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर जांभळे ठिपके उठले, घसा सडला, ताप चढला. जपानी डॉक्टरांनी शवविच्छेदनात पाहिले, तर अनेकांच्या हाडांतली मज्जा जवळजवळ रिकामी होती. गोदामातला माल संपला होता आणि कारखान्यात कोणी उरले नव्हते.

एक अंदाज तुमच्या माहितीसाठी देतो. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. संपूर्ण शरीराला एकदम सुमारे साडेतीन ते चार ग्रे मात्रा बसली आणि काहीच उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात, आणि त्याचे मुख्य कारण मज्जा बंद पडणे हेच असते. कॅन्सरच्या उपचारात ४०-५० ग्रे किंवा त्याहून जास्त मात्रा देतात हे वाचून घाबरू नका. ती शरीराच्या एका ठरावीक भागालाच, रोज थोडी थोडी करून दिली जाते. बाकीची मज्जा सुरक्षित राहते आणि काम चालू ठेवते.

शिशाचा तुकडा आणि एक अमिनो आम्ल

१९४९ हे या इतिहासातले मोठे वर्ष. अमेरिकेत शिकागो परिसरात त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गोष्टी समोर आल्या.

पहिली लिऑन जेकबसन यांची. उंदरांची प्लीहाही रक्त तयार करते. जेकबसन यांनी उंदराची फक्त प्लीहा शिशाने झाकली आणि बाकीच्या सर्व शरीराला मारक मात्रेचे किरण दिले. एरवी नक्की मेले असते असे बहुतेक उंदीर जगले. थोडासा भाग वाचला तरी सगळे शरीर वाचते, हे पहिल्यांदा दिसले. जेकबसन यांना वाटले, झाकलेल्या प्लीहेतून एखादे रसायन पाझरत असावे आणि तेच मज्जा दुरुस्त करत असावे. तसे असते, तर ते रसायन वेगळे काढून बाटलीत भरता आले असते. संशोधक काही वर्षे त्याच्या मागे होते. शेवटी १९५६ मध्ये इंग्लंडमधील हार्वेल येथे चार्ल्स फोर्ड आणि सहकाऱ्यांनी दाता उंदराच्या पेशींत ओळखू येणारी गुणसूत्राची खूण वापरून सिद्ध केले की, किरण बसलेल्या उंदराची मज्जा दात्याच्या जिवंत पेशींनी पुन्हा भरली होती. उंदीर वाचवणारी गोष्ट रसायन नव्हती, पेशी होत्या. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पाया इथेच घातला गेला.

दुसरी गोष्ट हार्वे पॅट यांची, आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतली. त्यांनी घूसांना किरण देण्याआधी सिस्टीन नावाचे अमिनो आम्ल टोचले. हे आपल्या अन्नातल्या प्रथिनांतही असते आणि त्यात गंधक असते. सिस्टीन मिळालेल्या जास्त घुशी जगल्या. मात्र तेच सिस्टीन किरणांनंतर दिले, तर काही उपयोग झाला नाही.

या फरकात मोठा धडा होता. किरण पेशीत शिरले की पेशीतल्या पाण्याचे तुकडे पाडतात. त्यातून फ्री रॅडिकल नावाचे अत्यंत अस्थिर कण तयार होतात आणि ते शेजारच्या डीएनएवर तुटून पडतात. क्ष-किरण आणि गॅमा किरणांमुळे डीएनएला होणाऱ्या नुकसानीपैकी साधारण दोन-तृतीयांश याच मार्गाने होते. हा सगळा खेळ सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात संपतो. गंधकयुक्त रेणू त्या क्षणी तिथे हजर असेल तर रॅडिकलला पकडतो, डीएनएपर्यंत पोहोचू देत नाही. उशिरा आलेला रेणू फक्त पंचनामा करू शकतो.

पुढे १९५१ मध्ये बेल्जियममधील झेनों बाक यांच्या गटाने सिस्टिअमाइन हे अधिक प्रभावी रसायन दाखवले. पण माणसाला उपयोगी पडेल इतकी मात्रा दिली की उलट्या आणि इतर त्रास सुरू होत.

सैनिकांसाठी शोधलेले औषध

शीतयुद्ध सुरू होते. अणुयुद्ध झाले तर सैनिकांची मज्जा वाचवणारी गोळी अमेरिकेच्या लष्कराला हवी होती. १९५० च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर रीड या लष्करी संशोधन संस्थेने मोठी मोहीम हाती घेतली. वर्षानुवर्षे रसायने बनवायची, उंदरांना द्यायची, किरण द्यायचे आणि किती जगतात ते मोजायचे. चार हजारांहून जास्त संयुगे तपासली गेली. त्यांतले एक होते डब्ल्यूआर-२७२१. आज त्याला अ‍ॅमिफॉस्टिन म्हणतात.

१९६९ मध्ये युहास आणि स्टोरर यांनी या औषधाचा एक विलक्षण गुण दाखवला. ते निरोगी पेशींना वाचवत होते, पण उंदरातल्या गाठीला फारसे वाचवत नव्हते. मज्जेच्या बाबतीत तर औषध दिलेल्या उंदरांना मारायला दुपटीहून अधिक किरण लागत. निरोगी आणि कॅन्सरच्या पेशींत हा फरक का पडतो, तेही नंतर समजले. अ‍ॅमिफॉस्टिन टोचले जाते तेव्हा निष्क्रिय असते. निरोगी पेशींच्या आवरणावरचे अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर त्याची एक बाजू छाटते आणि मगच ते कामाला लागते. गाठीत हे विकर कमी असते, रक्तपुरवठाही तुटपुंजा असतो. म्हणून औषध तिथे कमी पोहोचते आणि कमी जागे होते.

इतके चांगले औषध असूनही सैनिकांच्या खिशात ते कधी पोहोचले नाही. ते शिरेतून द्यावे लागते, किरणांच्या जेमतेम अर्ध्या तासाआधी द्यावे लागते, रक्तदाब एकदम घसरवते, जोरदार उलट्या करवते. रणांगणावर उलट्या करत आडवा पडलेला सैनिक काय कामाचा? आणि बॉम्ब अर्ध्या तासाची आगाऊ सूचना देऊन पडत नाही.

शेवटी हे औषध दवाखान्यात आले, पण वेगळ्याच कामासाठी. १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधापासून मूत्रपिंड वाचवण्यासाठी त्याला मान्यता दिली. १९९९ मध्ये डोके आणि मानेच्या कॅन्सरसाठी लाईट घेताना तोंड कोरडे पडू नये म्हणून दुसरी मान्यता मिळाली. मज्जेसाठी शोधलेले औषध लाळेच्या ग्रंथींच्या उपयोगी पडले. औषधांच्या इतिहासात असे पुष्कळदा होते.

मूळपेशी पहिल्यांदा मोजल्या गेल्या

या सगळ्या काळात मूळपेशी असतात, असे सगळे मानत होते. पण कोणी दाखवल्या नव्हत्या. कॅनडातील टोरांटो येथे जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅकलक हे डॉक्टर, मज्जेच्या पेशी किरणांना किती दाद देतात हे मोजत होते. किरण दिलेल्या उंदरांना ते मज्जेच्या पेशी टोचत. दहाव्या दिवसाच्या सुमारास मॅकलक यांना त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या. जितक्या पेशी टोचल्या त्या प्रमाणात गाठी वाढत होत्या. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढली होती आणि तिच्यात वेगवेगळ्या प्रकारच्या रक्तपेशी तयार होत होत्या. १९६१ मध्ये हे छापून आले. किरणांचा अभ्यास करता करता मूळपेशींचे शास्त्र जन्माला आले. आता औषधाने किती मूळपेशी वाचल्या, हे नुसते जगलेले उंदीर मोजण्यापेक्षा अचूक सांगता येऊ लागले.

अपघातांनी शिकवलेले

१५ ऑक्टोबर १९५८ रोजी युगोस्लाव्हियातील विंचा येथे अणुभट्टीत अपघात झाला. सहा जणांना मोठी मात्रा बसली. त्यांना पॅरिसला नेण्यात आले. तिथे जॉर्ज माते यांनी पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. पाचांपैकी एक दगावला, चार वाचले. सहावा मज्जा न घेताच वाचला. वाचलेल्यांत दात्यांच्या पेशी कायम टिकल्या नाहीत, त्यांची स्वतःची मज्जाच हळूहळू परत आली. म्हणजे त्या दान केलेल्या पेशींनी फार तर मधले काही आठवडे निभावून नेले.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिल घडले. १३४ जणांना तीव्र किरणबाधा झाल्याचे निश्चित झाले, त्यांतले २८ जण पहिल्या काही महिन्यांत गेले. १३ जणांवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. फक्त दोघे दीर्घकाळ जगले, आणि त्यांचीही स्वतःचीच मज्जा परत आली होती. इतरांचा जीव भाजलेली त्वचा, आतडी, संसर्ग अशा कारणांनी गेला. डॉक्टरांनी यातून दोन गोष्टी घेतल्या. अपघातात किरण सर्व शरीराला सारखे बसत नाहीत, एखाद्या हाडाच्या कोपऱ्यात थोड्या मूळपेशी बहुधा उरतात. मग दुसऱ्याची मज्जा घालण्याऐवजी उरलेल्या पेशींनाच जोमाने कामाला लावता आले तर?

उरलेल्यांना हाक मारणारे औषध

हाक कशी मारायची, हे ऑस्ट्रेलियात कळू लागले होते. मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ आणि रे ब्रॅडली यांनी १९६० च्या दशकात मज्जेच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. इस्रायलमध्येही त्याच सुमारास हे जमले होते. या पेशी आपोआप वाढत नसत. शरीर स्वतः तयार करते असे काही प्रथिन त्यांना लागत असे. ती प्रथिने वेगळी काढायला जवळजवळ वीस वर्षे गेली. १९८० च्या दशकात त्यांची जनुके सापडली आणि ती कारखान्यात बनवता येऊ लागली. जी-सीएसएफ आणि जीएम-सीएसएफ ही त्यांची नावे.

सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या एका क्लिनिकमधून लाईट देण्याच्या यंत्राचा भाग भंगारवाल्यांच्या हाती लागला. त्यांनी तो फोडला. आत अंधारात निळसर चमकणारी सीझियम-१३७ ची भुकटी होती. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सर्ग सापडला, चौघे मरण पावले. इथे मज्जा दबलेल्या आठ रुग्णांना जीएम-सीएसएफ देण्यात आले. बहुतेकांच्या पांढऱ्या पेशी वाढल्या, पण निम्मेच वाचले. काहींना औषध मिळण्याआधीच जंतुसंसर्गाने गाठले होते. औषध चालते हे दिसले, आणि उशीर चालत नाही हेही.

१९९१ मध्ये जी-सीएसएफ म्हणजे फिलग्रास्टिम किमोनंतर घटलेल्या पांढऱ्या पेशींसाठी मान्य झाले. आज आपल्याकडेही जिल्ह्याच्या ठिकाणी ते मिळते. पोटाच्या किंवा दंडाच्या त्वचेखाली देतात ते 'पेशी वाढवायचे इंजेक्शन' हेच. त्यानंतर कंबर आणि हाडे दुखतात, कारण आत कारखाना जोरात चालू झालेला असतो.

किरणबाधेसाठी त्याला मान्यता मिळायला मात्र २०१५ उजाडले. कारण उघड आहे: माणसांना मुद्दाम मारक किरण देऊन औषध तपासता येत नाही. अमेरिकेने २००२ मध्ये खास नियम केला की, अशा औषधांची परिणामकारकता प्राण्यांवर सिद्ध झाली आणि सुरक्षितता माणसांत माहीत असली तर मान्यता देता येईल. माकडांवरील अभ्यासात फिलग्रास्टिम मिळालेली ७९ टक्के माकडे साठ दिवस जगली. न मिळालेली ४१ टक्केच. पुढे पेगफिलग्रास्टिम, २०१८ मध्ये सार्ग्रामोस्टिम आणि २०२१ मध्ये प्लेटलेट वाढवणारे रोमिप्लॉस्टिम हेही याच यादीत आले.

हे नीट लक्षात घ्या: ही चारही औषधे ढाल नाहीत. ती किरणांचा मारा अडवत नाहीत, मारा होऊन गेल्यावर उरलेल्यांना उभे करतात.

हाक मारण्याऐवजी झोपवायचे?

आता १९०६ चा नियम आठवा. विभागणारी पेशी जास्त मरते. म्हणून मारा चालू असतानाच मज्जेला 'वाढ, वाढ' म्हणणे धोक्याचे ठरू शकते. लाईट आणि किमो एकाच वेळी चालू असताना कॅन्सरतज्ज्ञ पेशी वाढवायचे इंजेक्शन सहसा टाळतात, ते यामुळेच. रिपोर्टमध्ये पेशी कमी दिसत असूनही डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत म्हणून नातेवाईक नाराज होतात. तो हलगर्जीपणा नसतो.

मग उलटे केले तर? मारा होईपर्यंत मूळपेशींना झोपवून ठेवायचे. पेशीच्या विभाजनाला हिरवा कंदील दाखवणारी सीडीके-४ आणि सीडीके-६ ही विकरे असतात. २०१० मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील नॉर्मन शार्पलेस यांच्या गटाने ही विकरे तात्पुरती रोखणारे औषध उंदरांना दिले. किरणांच्या मारक माऱ्यातून जास्त उंदीर वाचले, आणि औषध किरणांनंतर काही तासांनी दिले तरीही फायदा दिसला. थांबलेल्या पेशीला डीएनए दुरुस्त करायला सवड मिळते.

या कल्पनेचे पहिले फळ २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रायलासिक्लिब. ते किरणांसाठी नाही, फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये किमोच्या आधी देतात. त्या कॅन्सरच्या पेशी सीडीके-४ आणि ६ वर बहुधा अवलंबून नसतात, म्हणून त्या झोपत नाहीत आणि किमोला सापडतात. मज्जा तेवढी झोपते आणि वाचते. प्रत्येक कॅन्सरला हे जमणार नाही, हेही त्यातूनच कळते.

आपल्याकडचे काम

भारतातही हा शोध चालू आहे. दिल्लीची इन्मास ही संरक्षण संशोधन संस्था आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र अनेक वर्षे या विषयावर काम करत आहेत. मणिपालला उमा देवी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, तुळशीच्या पानांचा अर्क आणि त्यातील ओरिएंटिन, व्हिसेनिन ही द्रव्ये किरणांआधी टोचली, तर उंदरांच्या मज्जेतील गुणसूत्रांचे नुकसान कमी होते. काम चांगले आहे. पण शुद्ध द्रव्य उंदराला टोचणे आणि आपण सकाळी चार पाने चावणे, यांत फार अंतर आहे. तुळस जरूर लावा, पूजा करा, चहात टाका. तिच्या भरवशावर उपचारांत बदल करू नका.

आणि गोयानिया फार दूर आहे असेही समजू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र फोडले गेले. एका कामगाराचा मृत्यू झाला, अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. भंगारात तीन पात्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह दिसले तर हात लावू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. सर्वांत खात्रीचे औषध तेच.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

पहिले: साध्या एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसाठी मज्जा वाचवणाऱ्या कोणत्याही औषधाची गरज नाही. त्यांतली मात्रा ग्रेच्या हजाराव्या भागांत मोजतात. मज्जा त्याने दबत नाही.

दुसरे: 'किरणांवर गोळी' म्हणून आयोडीनचे नाव ऐकले असेल. पोटॅशियम आयोडाइड फक्त थायरॉइड ग्रंथीला वाचवते, तेही किरणोत्सर्गी आयोडीनपासूनच. मज्जेला त्याचा काहीही उपयोग नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे: लाईट चालू असताना स्वतःच्या मनाने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, काढे, पावडरी घेऊ नका. जो रेणू निरोगी पेशीला वाचवतो तो गाठीलाही वाचवू शकतो. कॅनडात डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर झालेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांमुळे लाईटचा त्रास कमी झाला खरा, पण गोळ्या घेणाऱ्यांत कॅन्सर परत येण्याकडे कल जास्त दिसला. अ‍ॅमिफॉस्टिनसारखा निवडक रेणू शोधायला चार हजार संयुगे तपासावी लागली, ती यासाठीच. रोजच्या जेवणातली फळे-भाज्या मात्र खुशाल खा; मनाई जास्त मात्रेच्या गोळ्यांना आहे.

चौथे: गर्भाशयमुखाच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये कमरेच्या भागाला लाईट देतात. मोठ्या माणसाच्या चालू मज्जेचा सुमारे पाव हिस्सा किंवा अधिक तिथे असतो. म्हणून रक्ताची तपासणी दर आठवड्याला सांगितली तर ती चुकवू नका. आधुनिक यंत्रांवर किरणांची दिशा आणि आकार बदलून हाडांतल्या मज्जेला शक्य तितके टाळताही येते. तुमच्या बाबतीत तसे करता येईल का, हे किरणोपचारतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारा. जेकबसन यांनी उंदराच्या प्लीहेवर ठेवलेल्या शिशाच्या तुकड्याचेच हे आजचे रूप आहे.

पाचवे: उपचारांच्या काळात १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके दिसणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. पॅरासिटामॉल घेऊन ताप दडपू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा. गोयानियात औषध हाताशी असूनही काहींना वाचवता आले नाही, कारण संसर्ग पुढे निघून गेला होता.

सुरुवातीच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: लाईट घेण्याआधी एक गोळी खाल्ली आणि मज्जा पूर्ण सुरक्षित राहिली, असे औषध आज कोणाकडेही नाही. कोणी विकत असेल तर घेऊ नका. पण घटलेल्या पेशी वाढवण्याचे औषध आहे, मज्जेला बाजूला ठेवून किरण देण्याचे तंत्र आहे, आणि वेळीच रक्त तपासून सावध होण्याची सोय आहे. १९४५ मध्ये यांतले काहीही नव्हते. मूळपेशी थोड्या जरी उरल्या तरी त्या पुन्हा सगळा कारखाना उभा करतात. त्यांना तेवढा वेळ मिळवून देणे, हे तुमचे आणि तुमच्या डॉक्टरांचे मिळून करायचे काम आहे.